नमस्कार, तिप्पण्णा

कमरेच्या पिशवीत फोन थरथरला तेव्हा कस्तुराबाई टॉवेलच्या कडेचे सुटे दोरे कापत होती, आणि कात्रीचं टोक तिच्याच अंगठ्यात गेलं. फार नाही, काटा टोचावा इतकंच. पण पांढऱ्या टॉवेलवर रक्ताचा ठिपका पडला की तो टॉवेल बाद, म्हणून तिने आधी अंगठा तोंडात घातला आणि मग फोन काढला. दुपारचं या फोनवर कधी काही येत नसे. सकाळी चहाच्या वेळी एकदा निरोप यायचा, तो वाचला की दिवसभर फोन म्हणजे कमरेला बांधलेलं वजन. शेडच्या पलीकडे माग आदळत होते. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात कापसाची फुई तरंगत होती, पापण्यांवर बसत होती. तिने डोळे पुसले आणि एकेक अक्षर धरून वाचलं. नमस्कार तिप्पण्णा. आपल्या द्राक्षबागेच्या हवेत भुरी रोगाचे बीजाणू आढळले आहेत. धोका जास्त. फवारणीचा निर्णय दोन दिवसांत घ्यावा. अक्षरांच्या डाव्या हाताला एक गोल असायचा, एरवी हिरवा. आज तो लाल होता.

“कुनाचा गं? मालकाचा?” शेजारी बसलेल्या नागूबाईने मान वर न करता विचारलं.

“मालकाचाच.”

“काय म्हणत्यात?”

“बागंत भुरी आलीया म्हणं.”

“वर गेला तरी बाई बागंवरच ध्यान! आमच्या मालकाचं जित्तेपणी घरात ध्यान न्हवतं.” नागूबाई हसली, मग कस्तुराबाईचं तोंड बघून हसणं आवरलं. “आज येळवस न्हवं तुमची? निम्म्या बाया सुट्टीवर गेल्यात. तू का गं हितं?”

“नगं वाटलं,” कस्तुराबाई म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला. टाकला खरा, पण हात पिशवीवरच राहिला.

फोन तिप्पण्णाचा होता. नंबर त्याचा, नाव त्याचं. मांडवाची तार ओढता ओढता तो बागेतच छातीवर हात दाबून खाली बसला, त्याला दुसरा हिवाळा चालू होता, पण बागेतल्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते त्याला नमस्कार करायचं आणि हवा कशी आहे ते सांगायचं. तेराव्यानंतर यंत्राच्या कंपनीची पायल आली होती, पंचवीस-सव्वीसची पोर, ओढणीने डोळे पुसत म्हणाली, काकू, आता नाव बदलून घेऊ या का? गुरुशांतचा नंबर टाकू? कस्तुराबाई म्हणाली होती, राहू दे. का राहू दे ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. दीर शरणप्पाने ऐकलं, जाऊ सुंदरम्माने ऐकलं, पुतण्या गुरुशांतने ऐकलं, कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे तिने घर सोडलं तेव्हा फोन तिच्याबरोबर शहरात आला. बाग तिकडे आणि बागेची हवा इकडे, तिच्या कमरेला. हिरवा गोल आला की सांगण्यासारखं काही नसायचं. छाटणीनंतर एकदा लाल आला होता तेव्हा तिने घरी फोन केला. फवारा म्हणं. बरं वैनी. इतकंच बोलणं झालं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती ते बोलणं मनात घोळवत होती, की ‘बरं वैनी’ म्हणताना भावजींचा आवाज जड होता, की तोंडात पान होतं.

यंत्र आणायचा हट्ट तिप्पण्णाचा. बांधाच्या वरच्या अंगाला लोखंडी अँगल पुरून त्यावर पांढरी पेटी बसवली, डोक्यावर पाटीएवढी काळी काच, उन्हाची वीज करायला. बाजूच्या जाळीतून आतला पंखा हवा ओढायचा. पायलने पेटीचा कप्पा उघडून दाखवला होता. आत बोटभर काचेची पट्टी. तिच्यावर असा लेप दिलाय काका, म्हणाली, की त्याला फक्त भुरीचेच बीजाणू चिकटतात, दुसरं काही नाही. खालून प्रकाश सोडलेला असतो. बीजाणू चिकटत गेले की तो प्रकाश बदलतो, डोळ्याला दिसणार नाही इतका, पण यंत्राला कळतो. पानावर पांढरा डाग दिसायच्या कितीतरी आधी. शरणप्पा म्हणाला होता, म्हणजे रोग यायच्या आदी रोगाचा वास येतोय म्हणा की. रात्री जेवताना तिप्पण्णा एकदम म्हणाला, “कस्तुरा, जत्रंतल्या गर्दीत आपलं माणूस चालीवरनं वळखतो की आपण. त्या काचंचं तसं हाय. हजार येत्यात, जात्यात. ती फक्त एकालाच धरती.” मग स्वतःच हसला आणि म्हणाला, “लई शाणा साहेब मिळाला बग आपल्याला. पगार न्हाय, भत्ता न्हाय, नुस्ती हवा खातोय.” तेव्हापासून त्या पेटीला घरात साहेबच म्हणायचे. साहेब काय म्हणतोय? साहेब बरा हाय. काचपट्टी बदलायचं काम दोघंच करायची, तो कप्पा ओढायचा, ती कडेला धरून नवी पट्टी सरकवायची. तिची बोटं बारीक म्हणून.

कारखान्याच्या फाटकाबाहेर अक्कलकोटचा रस्ता. रोज सुटल्यावर ती फाटकाशी उभी राहायची आणि डावीकडची रिक्षा धरून भवानी पेठेत जायची. उजवीकडे गाव होतं. वर्ष होत आलं, ती रोज त्या रस्त्यावर उभी होती आणि उजवीकडे बघत नव्हती. आज जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन तिने लिंबाच्या सावलीला बसून फोन हातात धरला. गुरुशांतचा नंबर लावायचा होता. पण आज लावायचा म्हणजे कसा लावायचा? येळवस म्हणजे अवसेची शेतातली पूजा, आज सगळे शेतात असणार. कडब्याची कोपी घातली असणार, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पुजले असणार. बाजरीचे उंडे, पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. पै-पाहुणे, शेजारचे, रस्त्याने जाणारं कुणीही त्या दिवशी कोपीत बसून जेवून जातं. आणि अशा वेळी हिचा फोन गेला तर कुणाला वाटेल भुरीसाठी केलाय? वाटेल, बोलावलं नाही म्हणून आठवण करून देतीय. सुंदरम्मा फोनवर हात ठेवून म्हणेल, अक्काचा हाय. आणि मग ‘या की’ म्हणेल. त्या ‘या की’चा तिला आताच, इथे लिंबाखाली, घाम फुटला.

गेल्या साली काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. कुणी विचारलं असतं, का गं सोडलंस घर, तर तिच्याकडे सांगायला गोष्टच नव्हती. शब्दाला शब्द लागला नव्हता, भांडं आपटलं नव्हतं. येळवशीला आंबील शिंपायची रीत त्यांच्या घरात अशी, की थोरल्या सुनेच्या कडेवर आंबिलीचं गाडगं आणि थोरल्या लेकाच्या हातात लिंबाचा डहाळा. ती पुढे, तो बाजूने, डहाळा बुडवत शिंपत जायचा, ज्वारीच्या पट्ट्यातून, मग बागेच्या ओळींतून, चारी बांध फिरून. द्राक्ष लावली तरी ज्वारीचा एक पट्टा त्यासाठी राखलेला. बागेत शिरलं की तिप्पण्णा मुद्दाम तिच्या पाठीवर शिंपडायचा. “ह्ये पीक बी लई वर्सं उभं हाय, ह्येला बी पडू दे थोडी,” म्हणायचा. मूलबाळ झालं नाही त्यावरून तिला कुणी बोललेलं त्याला खपत नसे, आणि तो स्वतः हे असं बोलायचा, आणि तिला हसू यायचं. तो गेल्यावरची पहिली येळवस आली. तिने सवयीने गाडगं उचललं. सुंदरम्मा पुढे आली, दोन्ही हातांनी गाडग्याच्या खालून धरलं आणि हळू म्हणाली, “राहू द्या अक्का. औंदा मी घेते.” बस. आवाजात काही नव्हतं. खरं तर मायाच होती. आणि खरंच, शिंपणार शरणप्पा, तर त्याच्याबरोबर त्याचीच बायको फिरणार, भावजय कशी फिरेल? हे तिला कळत होतं. तेव्हाही कळत होतं. पण गाडगं सुटल्यावर कडेवर ओल राहिली होती, आंबिलीचा थंड ओला गोल, आणि वारा लागून तो लुगड्यावर वाळेपर्यंत ती कोपीच्या दाराशी उभी होती. सगळे लांब गेले होते. तिला वाटत होतं, हे जोडीचं होतं की रिकाम्या कपाळाचं? सुंदरम्माच्या मनात काय होतं? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सुंदरम्मा रडली असती, आणि रडल्यावर माणूस खरं बोलतंय की नाही ते कळत नाही. संक्रांत झाली आणि ती म्हणाली, हितं करमत न्हाय, सोलापुरात काम हाय म्हणत्यात. शरणप्पा म्हणाला, वैनी, काय कमी हाय का? ती म्हणाली, काय न्हाय.

शेवटी तिने पायललाच फोन लावला.

“काकू, मी तुम्हालाच करणार होते,” पायल म्हणाली. मागे गाड्यांचा आवाज होता. “लाल आलाय ना? पण मला जरा शंका आहे. बीजाणू येतात तेव्हा रेघ जिना चढल्यासारखी हळूहळू चढते. ही एकदम उडालीय. काचेवर काहीतरी पडलंय. तिथं कुणी पीठबीठ सांडलं का? काही शिंपडलं?”

कस्तुराबाईच्या डोळ्यांपुढे लिंबाचा डहाळा आला. पाला निथळतोय, एक झटका, पांढरे थेंब उडतायत. किती वाजता आले असतील त्या बांधाला? हे आत्ता, ती टॉवेलचा दोरा कापत होती तेव्हा. पुढे सुंदरम्मा, बाजूला शरणप्पा. मागे पोरं ओरडत. मैलोगणती लांब बसून तिला त्यांची फेरी कुठवर आली ते कळलं होतं. बोलावणं आलं नव्हतं आणि तरी कळलं होतं.

“काकू? ऐकताय ना?”

“हां. शिंपलं आसंल. येळवस हाय.”

“अगं बाई! आंबील?” पायलला हसू आवरेना. “मग खरंच. पिठाळ पाणी जाळीतून आत गेलं असणार.”

“मग भुरी न्हाय म्हणायची?”

“तसं नाही सांगता येत ना. काच झाकली गेलीय. खाली भुरी असेल पण, नसेल पण. हवा तर भुरीचीच आहे सध्या, पलीकडच्या दोन गावांत निघालीय. आता मणी केवढे झालेत तुमचे?”

“ज्वारीएवढं आसत्याल.”

“म्हणजे ऐन नाजूक वेळ. फुकट फवारायला सांगवत नाही, औषधाचा अंश राहिला तर माल परदेशी जायचा नाही. आणि नाही फवारलं आणि खरंच असली, तर घड गेले. पट्टी बदलली की दोन-तीन तासांत खरं काय ते कळेल. मी सांगलीत आहे, परवाशिवाय जमणार नाही. तुमच्या दीरांना सांगा ना बदलायला.”

“पट्ट्या माज्याकडं हायत,” कस्तुराबाई म्हणाली. “हितं.”

घर सोडताना तिने तिप्पण्णाचं काही नेलं नव्हतं, फोन आणि ती पट्ट्यांची डबी सोडून. डबी का नेली? थंडीत ठेवावी लागते, गावात वीज जाते, असं तेव्हा म्हणाली होती. साहेबाची काच त्यानंतर दोनदा बदलायची झाली, दोन्ही वेळा गुरुशांत कारखान्याच्या फाटकाशी येऊन एकेक पट्टी घेऊन गेला. दोडव्वा, बरी हायस न्हवं? बरी हाय. थोरल्या आईला दोडव्वा म्हणायचं त्यांच्या घरी. तिला मुलाने हाक मारल्यासारखं ते ऐकू यायचं. तिने डबीच देऊन टाकली नव्हती कधी. एकेकच पट्टी द्यायची.

मुकादमाने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, तोंड वाकडं करून दिली. भवानी पेठेतली खोली एका तेलुगू घराच्या मागच्या अंगाला होती, मधे मागाची बंद पडलेली खोली. घरमालकीण दारातच शेंगा फोडत बसली होती. फ्रीज तिचा. विरजणाच्या शेजारी डबी असायची. “घेऊन चाललीस?” ती म्हणाली. “एवढे दिवस दह्याशेजारी ठेवली, मी पोरांना सांगितलं होतं, हात लावाल तर मराल. विषारी आहे ना?” “न्हाय वो,” कस्तुराबाई म्हणाली, “काच हाय नुस्ती.” खोलीत जाऊन तिने लुगडं बदललं. बदलताना हात थांबला. कामाच्या लुगड्यावर गेली तर म्हणतील, बघा कशी राहतीय. चांगलं नेसून गेली तर म्हणतील, सणाला आली. तिने मधलं नेसलं. भिंतीवरच्या आरशात बघितलं नाही. गेलं वर्षभर या खोलीत तिचं बोलणं म्हणजे सकाळी चहाच्या वेळी फोनकडे बघून ‘बरं’ म्हणणं. हवा स्वच्छ आहे. बरं. एकदा तर तिने विचारलं होतं, “आनि तुमी?” आणि मग आपलाच आवाज खोलीत ऐकून दाराची कडी तपासली होती.

जीपमध्ये तिने डबी पदरात धरली होती. कारखान्याची फाटकं मागे गेली. रस्ता डावी-उजवी दोन्हीकडे सारखाच होता, करडई, हरभरा, हुरड्यात आलेली ज्वारी, आणि मधूनमधून शेतात कडब्याच्या कोप्या, माणसं, गाड्या. शेजारची बाई कन्नडमध्ये म्हणाली, सणाला का? तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते बाईला कळलं नाही. सण नाही, काम आहे, ती मनात घोकत होती. पट्टी बदलायची आहे. काम आहे. काम असलं की माणूस कुठेही जाऊ शकतं.

बांधावरून चालत गेली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पहिल्यांदा पोरांनी बघितलं. मग गुरुशांत उठला, “दोडव्वा आली!” म्हणाला, आणि कोपीतले सगळे एकदम बोलू लागले. शरणप्पाने टोपी सारखी केली. सुंदरम्मा भज्जीच्या पातेल्याजवळ होती, तशीच भरल्या हाताने उभी राहिली.

“या अक्का. बसा. जेवला न्हाईसा न्हवं?”

“आदी पट्टी बदलते,” कस्तुराबाई म्हणाली. “लाल आलंय. काच झाकली म्हणं आंबिलीनं.”

शरणप्पाने जीभ चावली. “माजीच चूक वैनी. साहेबावर जरा जादा शिंपलं. अण्णाचा म्हणून मुद्दाम दोन डहाळ्या जास्त मारल्या.”

“साहेबाला आंबील पचली न्हाय,” गुरुशांत म्हणाला. सगळे हसले. कस्तुराबाईही हसली, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन तिने पेटीकडे तोंड फिरवलं. पेटीवरून पांढरे ओघळ वाळले होते, जाळीच्या भोकांत पीठ बसलं होतं. गुरुशांतने कप्पा ओढला. तिने ओल्या फडक्याने जाळी पुसली, जुनी पट्टी काढली. ती दुधासारखी झाली होती. उजेडाला धरली तर पलीकडचं काही दिसत नव्हतं. नवी पट्टी तिने कडेला धरून सरकवली. पंखा पुन्हा गुणगुणू लागला.

मग ती कोपीत बसली. सुंदरम्माने ताट वाढलं. भज्जीत चाकवताची चव होती, आंबिलीत लसूण जरा जास्त, तिच्या हातची असायची तशी नाही. सुंदरम्मा शेजारी बसली.

“दुपारपतूर तुमचं ताट झाकून ठिवलं हुतं,” सुंदरम्मा खाली बघत म्हणाली. “मग कुत्र्यानं वढलं.”

“निरोप न्हाय धाडलास.”

“घरच्या माणसाला निरोप?” सुंदरम्मा बघतच राहिली. “आनि धाडला आसता तर म्हनला आसता, सुंदरीनं मला पाव्हणी केली.”

खरं होतं. कस्तुराबाई तसंच म्हणाली असती. वर्षभर ती निरोपाची वाट बघत होती आणि इकडे ही, निरोप न धाडण्यात मान ठेवत होती. आता विचारावं का गाडग्याचं? सुंदरम्माचे हात समोर होते, कोपरापर्यंत पिठाचे, कांकणं मागे सारलेली. त्या हातांना माहीत असेल का? की त्यांनी नुसतं जड भांडं घेतलं होतं, बाकी काही नाही? जिभेवर आलेलं तिने भज्जीबरोबर गिळलं. विचारलं आणि ‘कुठलं गाडगं?’ असं आलं तर काय करायचं. वर्षभर आपण ज्यावर उभं राहिलो ते कुणाच्या लक्षातही नसलं तर?

सूर्य बुडायला आला तशी आवराआवर झाली. भांडी ट्रॉलीत चढली, पोरं चढली. “चला अक्का,” सुंदरम्मा म्हणाली. ट्रॉलीत तिने पदराने जागा पुसली होती. कस्तुराबाई म्हणाली, “रीडिंग येऊ दे. हितं रेंज हाय, घरी फोन लागत न्हाय.” ते खरं होतं, घराच्या मातीच्या माळवदाखाली रेंज जायची. शरणप्पा म्हणाला, “लाल आलं तर लगीच सांगा वैनी. टाकी भरून ठिवतो, पहाटं फवारायला ब्लोअर लावू. औषिद कालवायला तुमीच लागशीला, अण्णाचं माप आमाला कुटं ठाव हाय.” मग ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग येईनासा झाला.

ती पेटीखाली बांधावर बसली. ओळी अंधारत चालल्या होत्या, वरच्या तारा तेवढ्या अजून दिसत होत्या. हात पुढे करून तिने एक घड तळव्यावर तोलला. मणी ज्वारीएवढे, घट्ट, हिरवे, एकमेकांना खेटून. याच वेलींच्या काड्या तिप्पण्णाने डोक्यावरून आणल्या होत्या, ओल्या पोत्यात गुंडाळून, आणि पहिल्या उन्हाळ्यात घागरीने पाणी घातलं होतं दोघांनी. पान उलटून बघितलं. काही नव्हतं. पण डोळ्याला दिसत नाही म्हणून तर ही पेटी. भोवतीच्या हवेत काय काय असेल, कुठून कुठून सुटून आलेलं, कुणाला न दिसता कशाला तरी चिकटायला निघालेलं. कारखान्यातली फुई तरी दिसते. वर पंखा बारीक आवाजात हवा ओढत होता, आणि तिला वाटलं, तिचाही श्वास ओढतोय.

लाल आलं तर. पहाटे उठायचं. चुलीवर चहा ठेवायचा, सुंदरम्मा म्हणेल बसा, ती बसणार नाही. टाकीशी उभं राहून औषध मोजून ओतायचं, काठीने ढवळायचं, शरणप्पा विचारेल, वैनी आता किती? तोंडाला फडकं बांधलेला गुरुशांत ब्लोअरवरून हात करेल. फवारणी झाली की पुन्हा चार दिवसांनी दुसरी. चार दिवस तरी राहावं लागेल. मग घड बघायला लागतील. मग मुकादमाला कळवावं लागेल. ती हे सगळं इतकं नीट बघत होती, चहाच्या कपाचा कानसुद्धा, की आपण कशाची वाट बघतोय ते तिला उशिरा कळलं. हातातला घड तिने एकदम सोडला. वेल हलली. ती लाल गोलाची वाट बघत होती. त्याच्या बागेवर रोग यावा म्हणून ती इथे अंधारात बसली होती.

तिने पदर तोंडावर दाबला. नगं, नगं, ती म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, लहान मुलाला बसवावं तशी, आणि हिरवं येऊ दे, हिरवं येऊ दे असं मनात म्हणत राहिली. म्हणत होती तेही खरं होतं. खालून दुसरं काही तरी गप्प बसून ऐकत होतं तेही खरं होतं.

चांदणी निघाली तेव्हा फोन थरथरला. उजेड डोळ्यांत गेला. नमस्कार तिप्पण्णा. नवीन पट्टीची तपासणी पूर्ण झाली. बीजाणू आढळले नाहीत. हवा स्वच्छ आहे. फवारणीची गरज नाही.

गोल हिरवा होता. लहानसा, वाटाण्याएवढा. तिने मोठा श्वास सोडला, आणि तो सोडल्यावर आत काही उरलंच नाही. बाग वाचली होती. बागेला काही झालंच नव्हतं. आता सांगायचं, हवा चांगली हाय, फवारू नका. बरं वैनी म्हणतील. आणि मग? रस्त्याला शेवटची जीप अजून मिळाली असती. उद्या सकाळी टॉवेल होते. काम घेऊन आली होती, काम झालं होतं. घर तिथे होतं, शेतांपलीकडे, दिवा दिसत होता, तिथल्या माणसांनी आज तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. पण नुसतंच कसं जायचं त्या दाराशी, हातात काही न घेता? उंबऱ्यात उभं राहून काय म्हणायचं? ते तिला येतच नव्हतं. कधीच्या काळी येत असेल.

फोन वाजला. गुरुशांतचा नंबर, पण बोलत होता शरणप्पा. अंगणात येऊन बोलत असावा, मागे गोठ्यातली घंटा वाजली.

“वैनी, आलं का वो काय?”

पेटीतला पंखा चालू होता. तिने वर बघितलं.

“न्हाय अजून,” कस्तुराबाई म्हणाली.

“एवढा येळ?”

“आंबील लई बसली हुती आत. सकाळपतूर लागंल म्हणं.” आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, घरातल्या, कामाच्या बाईचा. “तवर फवारू नगा. टाकी बी भरू नगा. मी बगते सकाळी.”

मग लांबून सुंदरम्माचा आवाज आला, “म्हणावं मग हिकडंच या की झोपायला, तितं काय बसलाय गार वाऱ्यात!”

“ऐकलं का वैनी?”

“ऐकलं.”

तिने फोन बंद केला. हिरवा गोल अजून तसाच होता. तो दिसू नये म्हणून तिने फोन उलटा करून पिशवीत घातला, पिशवीची नाडी आवळली. जुनी, दुधाळ पट्टी डबीत होती, ती डबी तिने काखेत धरली. मग पदर डोक्यावरून घेतला आणि घराकडे निघाली, वाईट बातमीची धास्ती घेऊन निघालेल्या माणसासारखी, पाय ओढत, कुणी अंगणातून बघत असेल तर खरं वाटावं म्हणून.